कोण, कुठे, केव्हा: नव्या वर्षाच्या सुखाचा हिशेब

सॅम्युअल पीप्स हा सतराव्या शतकातला लंडनचा सरकारी अधिकारी. नौदलाच्या कारभारात तो पुढे बराच वर चढला, पण जगाने त्याला लक्षात ठेवलं ते त्याच्या रोजनिशीमुळे. १ जानेवारी १६६० रोजी त्याने ती लिहायला घेतली आणि ३१ मे १६६९ पर्यंत लघुलिपीत नेटाने लिहिली. लंडनची आग, प्लेगची साथ, राजदरबारातल्या कुचाळक्या, बायकोशी झालेली भांडणं, सगळं तिच्यात आहे. आणि तिच्यात आहेत संकल्प. मोडलेले, पुन्हा बांधलेले, पुन्हा मोडलेले.

पीप्सला दोन शौक होते, नाटक आणि वाइन. दोन्हींत पैसा जायचा, वेळ जायचा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत डोकं जड असायचं. ३१ डिसेंबर १६६१ रोजी त्याने दोन्हींबद्दल रीतसर शपथ घेतल्याचं लिहून ठेवलं. २६ जानेवारीची नोंद समाधानाची आहे. वाइन सुटल्यापासून तब्येत बरी आहे, कामात लक्ष लागतं, पैसे वाचतात, रिकामटेकड्यांच्या संगतीत दिवस फुकट जात नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र स्वारी पुन्हा पेला हातात घेऊन बसलेली दिसते. का, तर एकाएकी सोडल्यामुळेच प्रकृतीला अपाय होत असावा, अशी त्याला शंका आली! जिममधली जानेवारीतली गर्दी फेब्रुवारीत कुठे जाते, असं विचारणाऱ्यांनी ही नोंद वाचावी. साडेतीनशे वर्षांत सबबींमध्ये फारशी प्रगती झालेली नाही.

पण पीप्सची खरी गंमत पुढे आहे. पहिली शपथ मोडली म्हणून त्याने नाद सोडला नाही. शपथेचा मसुदा बदलला. नव्या शपथांना मुदत असे, नाटकांची संख्या ठरलेली असे आणि मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड भरावा लागे. रविवारी तो आपल्या लेखी शपथा काढून वाचत बसायचा. या काळात त्याची नोकरीतली पत वाढली, गाठीला पैसा जमला. मानसशास्त्र नावाचं शास्त्र जन्माला यायच्या दोनशे वर्षं आधी या माणसाने चुकतमाकत जे शोधलं, त्याच दिशेने आजचे बरेचसे प्रयोग बोट दाखवतात.

अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने असाच उद्योग जास्त शिस्तीत केला. संयम, मितभाषण, नीटनेटकेपणा, काटकसर असे तेरा सद्गुण त्याने निवडले आणि छोट्या वहीत त्यांचे तक्ते आखले. एका आठवड्याला एकाच गुणाकडे लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. चुकलं की काळा ठिपका. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खोडता खोडता कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंताच्या पानांवर आखला आणि ठिपके ओल्या स्पंजने पुसायला सुरुवात केली. नीटनेटकेपणा त्याला अखेरपर्यंत जमला नाही, हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितलं आहे. एवढ्या थोर माणसाच्या टेबलावरही पसारा होता, हे वाचून बरं वाटतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी का सुचतं? १ जानेवारी या तारखेत निसर्गतः काहीच नाही. पीप्सच्या इंग्लंडमध्ये कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. १ जानेवारी सरकारी कागदावर आला तो १७५२ साली. मराठी घरात तर वर्षारंभांची चंगळच असते. चैत्रातला गुढीपाडवा, व्यापाऱ्यांची वहीपूजनाची दिवाळी आणि तिला लागून येणारी बलिप्रतिपदा, हिशेबाचा १ एप्रिल, शाळेचा जून, भिंतीवरच्या कॅलेंडरचा जानेवारी.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधल्या हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली या गोष्टीचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. गूगलवर ‘डाएट’ या शब्दाचा शोध केव्हा वाढतो, विद्यापीठाच्या व्यायामशाळेत गर्दी केव्हा होते, आणि ‘अमुक करीनच’ असा करार एका संकेतस्थळावर लोक कोणत्या दिवशी करतात, हे त्यांनी पाहिलं. आठवड्याचा, महिन्याचा, सत्राचा आणि वर्षाचा आरंभ, प्रत्येक ठिकाणी आकडे वर जात होते. वाढदिवसानंतरही जात होते. अपवाद होता एकविसाव्या वाढदिवसाचा, कारण अमेरिकेत त्या दिवसापासून मद्यपानाला कायद्याची परवानगी मिळते. संशोधकांचं म्हणणं असं, की अशी तारीख मनात एक रेघ ओढते. रेघेच्या अलीकडचा आळशी, चिडका, उधळ्या माणूस हा ‘तेव्हाचा मी’ ठरतो आणि पलीकडचा कोरा माणूस ‘आताचा मी’. ही रेघ खोटी असली तरी तिचा उपयोग खरा आहे. आणि ती सोमवारीही ओढता येते, हे पाडव्याची वाट पाहत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

संकल्पांची टिंगल करण्याची एक फॅशन आहे. आकडे त्या टिंगलीला पूर्ण दुजोरा देत नाहीत. अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठाचे जॉन नॉरक्रॉस यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोनशे संकल्पकर्त्यांपैकी ७७ टक्के एक आठवडा टिकले आणि १९ टक्के दोन वर्षं. यातला दुसराच आकडा सगळीकडे फिरतो. पण त्यांनीच २००२ साली आणखी एक तुलना मांडली. एका बाजूला नव्या वर्षाचा संकल्प केलेले लोक, दुसऱ्या बाजूला तेवढीच बदलाची इच्छा असूनही संकल्प न केलेले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४६ टक्के लोक आपण टिकून असल्याचं सांगत होते, दुसऱ्या गटातले ४ टक्के. लोकांनी स्वतःबद्दल फोनवर सांगितलेली ही माहिती आहे, तेव्हा थोडी घट धरावी. तरीही फरक मोठाच आहे.

स्वीडनमध्ये २०१६च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १,०६६ जण होते. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. ‘अमुक करीन’ असा संकल्प करणाऱ्यांपैकी जवळजवळ ५९ टक्के लोकांनी वर्षभराने आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं. ‘तमुक सोडीन’ म्हणणाऱ्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं. रात्री मोबाइल बघणार नाही, यापेक्षा रात्री दहा पानं वाचीन, हे जास्त टिकण्यासारखं. दुसरी गोष्ट अधिक मजेदार. काहींना कसलीच मदत दिली नव्हती, काहींना थोडी आणि काहींना भरपूर मार्गदर्शन दिलं होतं. सरस ठरले थोड्या मदतीचे. ‘नव्या वर्षाचे संपूर्ण नियोजन’ सांगणारी जाडजूड पुस्तकं विकत घेण्यापूर्वी हे आठवावं.

इथे आपल्याकडच्या एका गोष्टीकडे वळलं पाहिजे. सत्यनारायण असो की गणपतीची प्रतिष्ठापना, पूजेच्या आरंभी गुरुजी यजमानाला संकल्प सोडायला लावतात. हातावर पाणी घेऊन जे म्हटलं जातं त्यात काय काय असतं? संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग स्थळ, तेही ढोबळ नाही. गोदावरीच्या कोणत्या तीराला आपण बसलो आहोत इथपर्यंत. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. आणि शेवटी, नेमकं कोणतं कर्म करणार. कोण, कुठे, केव्हा, काय, असा चारही बाजूंनी बांधलेला हा मजकूर आहे. त्याच्याशेजारी ‘या वर्षी आनंदी राहायचं’ हे वाक्य ठेवून पाहावं. त्यात ना तिथी, ना स्थळ, ना कर्म. ती इच्छा झाली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं संशोधन नेमकं याच फरकावर उभं आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं. नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा अहवाल लिहायचा, तोही अठ्ठेचाळीस तासांत. सणाच्या दिवसात असलं काम कोण करतो? निम्म्या विद्यार्थ्यांना फक्त एवढंच सांगितलं. उरलेल्या निम्म्यांना अहवाल कुठे बसून आणि किती वाजता लिहिणार, हे आधी कागदावर लिहायला लावलं. पहिल्या गटात दहापैकी साधारण तिघांनी काम पूर्ण केलं, दुसऱ्यात सातांनी. इच्छा दोन्हीकडे सारखी होती, जास्त होती ती फक्त वेळ आणि जागेची नोंद. २००६ साली गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला. मानसशास्त्रात असे आकडे रोज दिसत नाहीत.

कारण साधं आहे. ऐन वेळी ठरवावं लागलं की मन पळवाट काढतं. आधी ठरलेलं असलं की ती वेळ, ती जागाच आठवण करून देते. ‘चहा झाला की गॅलरीत उभं राहून बहिणीला फोन’, असं ठरवलं तर रिकामा कपच घंटा वाजवतो.

मग सवय लागायला किती दिवस? सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर म्हणजे एकवीस. या एकविसाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. पुढच्या वक्त्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला, चेहराही गाळला आणि आकडा तेवढा ठेवला. प्रत्यक्ष मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी बारा आठवडे रोज ठरावीक प्रसंगी एक छोटी गोष्ट केली, म्हणजे जेवताना फळ खाणं किंवा न्याहारीनंतर चालणं. ती आपोआप व्हायला लागण्याचा मध्यक कालावधी ६६ दिवसांचा आला. पण कुणाला अठराच दिवस पुरले आणि कुणाच्या बाबतीत गणित २५४ दिवसांपर्यंत गेलं. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. म्हणजे १ जानेवारीला सुरू केलेली गोष्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुठे जराशी रुळते. २२ जानेवारीला स्वतःवर निकाल देऊन मोकळं होणारे लोक परीक्षा अर्ध्यावर टाकून उठतात.

इथपर्यंत ठीक. पण फळ खाणं, चालणं वेगळं आणि सुखी होणं वेगळं. सुख मुळात हातात घेता येतं का?

१९९६ साली मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड लिकन आणि ऑक टेलिगन यांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून निष्कर्ष काढला, की माणसामाणसांतल्या समाधानाच्या फरकात जन्मजात वाटा फार मोठा असतो. अधिक सुखी होण्याची धडपड ही अधिक उंच होण्याच्या धडपडीइतकीच व्यर्थ, अशा अर्थाचं एक वाक्य त्या निबंधात होतं. वाक्य चटकदार असल्यामुळे गाजलं. लिकन यांना नंतर त्याचा पश्चात्ताप झाला आणि त्यांनी ते मागे घेतलं.

उलट बाजूने २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांनी एक वर्तुळ काढलं. ५० टक्के जन्मजात, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के आपल्या कृती. हे वर्तुळ जगभरच्या व्याख्यानांत फिरलं. मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतही ‘तुमचं ४० टक्के सुख तुमच्या हातात’ असा संदेश कुणी ना कुणी पाठवतोच. त्यात एक गफलत आहे. ही टक्केवारी अनेक माणसांमधल्या फरकाची आहे, एका माणसाच्या सुखाची नाही. जिल्ह्यातल्या शेतांच्या उत्पन्नातला ४० टक्के फरक पाण्यामुळे पडतो, असं कुणी दाखवलं, तरी तुमच्या शेतातली शंभरातली चाळीस कणसं पाण्याने आणि बाकीची बियाण्याने आली असं होत नाही. शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनी २०१९ साली स्वतःच त्या वर्तुळाचा फेरविचार केला आणि आकड्यांवरचा भर काढून घेतला. कृतींनी फरक पडू शकतो, हा मूळ मुद्दा त्यांनी सोडला नाही.

परिस्थितीला फक्त दहा टक्के देणं अनेकांना खटकलं, ते योग्यच होतं. ‘पैशाने सुख येत नाही’ याचा पुरावा म्हणून १९७८चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातले २२ लॉटरी विजेते, २२ शेजारी आणि अपघातात लुळे पडलेले २९ जण यांच्याशी बोलून ० ते ५ या मापावर सुख विचारलं. विजेत्यांची सरासरी ४, शेजाऱ्यांची ३.८२, अपघातग्रस्तांची २.९६. लॉटरी लागलेले आणि न लागलेले जवळजवळ सारखेच, हे खरं. पण ‘अपघातग्रस्तही तितकेच सुखी होते’ ही जी शेपटी या गोष्टीला लोकांनी जोडली, ती या आकड्यांत कुठेच दिसत नाही. शिवाय बावीस माणसं म्हणजे फार थोडी. स्वीडनमध्ये हजारो लॉटरी खेळणाऱ्यांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं होतं आणि ते दहा वर्षांनंतरही ओसरलं नव्हतं. हप्त्यांची चिंता मिटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागू नये.

‘जागतिक आनंद अहवाल’ २०१२पासून निघतो. २०१८पासून त्याच्या यादीत फिनलंड सतत पहिला आहे. देशादेशांतला फरक समजावताना त्यात दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, अडचणीत धावून येणारी माणसं, निर्णयाचं स्वातंत्र्य, औदार्य आणि भ्रष्टाचाराची जाणीव अशा सहा गोष्टी धरतात. यांतल्या किती एकट्या माणसाच्या १ जानेवारीच्या यादीत बसतात? एखाद-दुसरीच. तेव्हा नव्या वर्षात सुखाची जबाबदारी घ्यायची म्हणजे दुःखाचा दोषही स्वतःवर घ्यायचा, असा अर्थ कुणी काढू नये. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो संकल्पाचा नव्हे, उपचाराचा विषय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसरा धोका सुखाच्या फार मागे लागण्याचा. आयरिस मॉस यांच्या २०११ सालच्या प्रयोगात काही स्त्रियांना सुखाचं महत्त्व वाढवून सांगणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. न वाचलेल्यांपेक्षा या गटाला कमी आनंद झाला. ‘मला पुरेसं छान वाटतंय ना?’ ही तपासणी आत सुरू झाली, की समोरची मजा बाजूला राहते. पर्यटनस्थळी सूर्यास्ताकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणाऱ्यांकडे पाहून हा प्रयोग अर्धा तरी पटतो.

मग सरत्या वर्षाकडे मागे वळून पाहायचं तरी कसं? आठवणीच्या भरवशावर पाहू नये, हे पहिलं. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी १९९६ साली कोलोनोस्कोपीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणी चालू असताना मिनिटामिनिटाला वेदना विचारल्या आणि नंतर एकूण त्रास विचारला. कुणाची तपासणी चार मिनिटं चालली, कुणाची तासाहून जास्त. नंतरच्या आठवणीवर या कालावधीचा जवळपास परिणामच नव्हता. ठसा होता तो सर्वात तीव्र क्षणाचा आणि शेवटच्या काही मिनिटांचा. ही तऱ्हा वर्षाच्या आठवणीलाही लागू असेल, तर डिसेंबरात सर्दीतापाने पडलेल्या माणसाला सगळं वर्षच वाईट गेल्यासारखं वाटणार आणि मे महिन्यातल्या आंब्यांच्या दुपारी हिशेबातच येणार नाहीत.

त्यापेक्षा साधनं हाताशी आहेत. फोनमधले फोटो महिन्यावार सरकवत जावेत. बँकेचं पासबुक किंवा यूपीआयच्या नोंदी काढाव्यात. पैसा कुठे गेला हे कळलं की मन कुठे गेलं होतं तेही बरंच कळतं. कुणाला किती वेळा फोन केला, हेही यंत्राला ठाऊक असतं. कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचे प्रसंगवार तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कसं वाटलं ते लिहायला सांगितलं होतं. वरच्या पायरीवर होत्या प्रेमाच्या माणसांबरोबरच्या घटका आणि कामानंतरच्या गप्पा. तळाशी कामावरचा प्रवास आणि नोकरी. हे ओळखीचंच आहे. पण स्वतःच्या एका साध्या मंगळवारचे असे तुकडे पाडून पाहिले, तर सर्वात चांगल्या तुकड्याला दिवसात किती कमी जागा आहे, हे आकड्यात दिसतं.

आणि ज्या गोष्टी आकड्यांत मावत नाहीत, त्यांच्यासाठी लेखन आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सलणाऱ्या प्रसंगाबद्दल मोकळेपणी लिहायला लावलं. लिहून झाल्यावर ते अधिक उदास दिसले, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम लहानच निघाला. फुकटचा उपाय म्हणून तेवढाही वाईट नाही, फक्त ते लिखाण कुणाला दाखवायचं नसतं.

पीप्स, फ्रँकलिन, रोजनिशी, तक्ता, हे सगळं एकट्याने खोलीत बसून करायचं. सुखाच्या अभ्यासातला सर्वात लांब धागा मात्र खोलीबाहेर जातो. १९३८ साली हार्वर्डने आपल्या २६८ विद्यार्थ्यांचा पाठपुरावा सुरू केला. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा समांतर अभ्यास त्याला जोडला गेला. तो आजही चालू आहे, पुढच्या पिढीसह. मूळ गटांत सगळे पुरुष आणि सगळे गोरे, ही त्याची मर्यादा. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात त्याचं सार असं, की पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते ते ऐंशीत अधिक धडधाकट होते, आणि त्या वयातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा हे समाधान पुढचा अंदाज अधिक चांगला देत होतं.

नाती म्हणजे फक्त रक्ताची, मैत्रीची नव्हेत. निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या लोकल गाड्यांमधले प्रयोग प्रसिद्ध केले. काही प्रवाशांना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं वागायला. लोकांचा अंदाज होता की गप्प बसणं सुखाचं. निघालं उलटं. पुढे लंडनमध्येही तसंच दिसलं.

हे वाचून कर्जत-कसाऱ्याच्या किंवा विरारच्या प्रवाशाला हसू येईल. टाळ-ढोलकी घेऊन ठरलेल्या डब्यात चढणारी भजनी मंडळं, दसऱ्याला डब्याची पूजा आणि आरास, महिलांच्या डब्यात संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, उतरेपर्यंत निवडून होणारी मेथीची जुडी. या लोकांनी दिवसाच्या सर्वात वाईट तुकड्याला हात घातला आणि कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय तो सुसह्य केला. ८.१२ची गाडी, ठरलेला डबा, ठरलेली माणसं. आळंदीहून निघणाऱ्या वारकऱ्याचंही तसंच. तिथी पंचांगात, वाट पायाखालची, आणि रथाच्या पुढे किंवा मागे अमुक क्रमांकाची दिंडी. एकट्याने अडीचशे किलोमीटर चालायचा संकल्प कितीजण पुरा करतील, हे सांगायला नको.

मुंबईतलंच आणखी एक उदाहरण घ्यावं. १३ मार्च १९९५ रोजी सकाळी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालाच्या बागेत पाच माणसं जमवून हास्यक्लब सुरू केला. रोज विनोद सांगायचे आणि हसायचं, अशी योजना. काही दिवसांत विनोद संपले. उरले ते चावट किंवा कुणाला लागणारे, आणि मंडळी वैतागली. मग कटारियांनी विनोदच काढून टाकले. कारण नसताना हसायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, एकमेकांकडे बघायचं. खोटं सुरू झालेलं हसू गटात खरं होतं, असा अनुभव आला आणि ही पद्धत अनेक देशांत पोचली. बागेतून जाताना तो हाहाकार ऐकणाऱ्याला हा प्रकार हास्यास्पद वाटू शकतो, आणि त्यात गैर काही नाही.

चेहऱ्याने हसल्यावर मनही हसतं का? १९८८ साली फ्रिट्झ स्ट्राक यांनी लोकांना दातांत पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली; तोंड हसरं झालेल्यांना ती जास्त गमतीची वाटली. २०१६ साली सतरा प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला आणि परिणाम सापडला नाही. २०२२ साली एकोणीस देशांतल्या ३,८०० हून अधिक लोकांवर चाचणी झाली. मुद्दाम हसल्याने किंवा हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्याने आनंद किंचित वाढतो असं दिसलं; दातांतल्या पेनाचा पुरावा मात्र डळमळीतच राहिला. हास्यक्लबातल्या आनंदात गालाच्या स्नायूंचा वाटा किती आणि सकाळी साडेसहाला आपली वाट पाहणाऱ्या चार माणसांचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

सुखाच्या लोकप्रिय उपायांची झडती डनिगन फोक आणि एलिझाबेथ डन यांनी २०२३ साली घेतली. कृतज्ञतेची नोंद, माणसांत मिसळणं, व्यायाम, ध्यान आणि निसर्गात वेळ, या पाच उपायांवरच्या शेकडो अभ्यासांतून त्यांनी फक्त पुरेशा माणसांवर केलेले आणि आराखडा आधी जाहीर केलेले प्रयोग निवडले. हाताला फार थोडे लागले. कृतज्ञतेच्या नोंदीला आणि माणसांत मिसळण्याला बऱ्यापैकी आधार मिळाला, निदान त्या वेळेपुरती मनःस्थिती सुधारण्याचा. व्यायाम, ध्यान, निसर्ग यांच्या बाबतीत, आजारी नसलेल्या माणसाचं सुख त्याने वाढतं, असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा नव्हता. ते खोटे ठरले असा याचा अर्थ नाही. मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत. तोवर टेकडीवर जाणाऱ्यांनी टेकडीवर जात राहावं, आणि जमलं तर कुणाला तरी खालून हाक मारून बरोबर घ्यावं.